छोटी होडी : आधी काम ठरवा, मग होडी निवडा

कोणती होडी घ्यावी, असे कोणी विचारले की उत्तराआधी दोन प्रश्न उलट विचारावे लागतात. पाणी कोणते आहे, आणि होडीत बसून नेमके काय करायचे आहे? संथ तळ्यात एकट्याने गळ टाकून बसायचे आहे, वाहत्या नदीपलीकडे माणसे आणि पोती न्यायची आहेत, की खाडीच्या तोंडाशी लाटांमधून वाट काढायची आहे, यावर होडीचा तळ, रुंदी, लांबी आणि काठाची उंची ठरते. सगळ्या कामांना सारखीच सोयीची पडेल अशी होडी अजून कोणी बांधलेली नाही. एक गुण वाढवला की दुसरा घटतो, आणि कोणता घटलेला आपल्याला चालेल, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

नेदरलँड्समध्ये पेसे या गावाजवळ १९५५ साली महामार्गाचे काम चालू असताना एक होडी सापडली. पाइनच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली ही होडी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची असून तिची लांबी जेमतेम तीन मीटर आहे. आजही एकट्याने वापरायच्या लहानातल्या लहान होड्या साधारण तेवढ्याच असतात. माणसाच्या हाताचा आवाका आणि अंगातले बळ बदललेले नाही, हेच त्याचे कारण असावे.

तळाचा आकार

होडी पाहताना रंग आणि बाके नंतर पाहावीत. आधी खाली वाकून तळ पाहावा. सपाट तळाची होडी उथळ पाण्यात सहज शिरते, थेट वाळूवर चढवता येते आणि आत पाऊल ठेवले तरी फारशी डुलत नाही. त्यामुळे तळे, कालवा, पाणथळ जागा आणि पुराचे उथळ पाणी यांसाठी ती उत्तम असते. तिचा दोष असा की लाटांवर ती आपटते, आणि एका मर्यादेपर्यंत घट्ट उभी राहून मग एकदम उलटते. गोल तळाची होडी उलट स्वभावाची असते. चढताच ती डुलू लागते, म्हणून नवख्याला तिची भीती वाटते. पण बरीच कलंडली तरी ती पुन्हा सरळ होऊ पाहते आणि वल्ह्यांनी हलकी चालते. इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता तळ लाटा कापतो, त्यामुळे इंजिन लावून समुद्रात जाणाऱ्यांना तो हवा असतो, मात्र त्याला खोल पाणी लागते आणि वल्हवायला तो जड जातो. अरुंद होडीला आडव्या दांड्यांवर बाजूने ओंडका जोडला की तिची उलांडीची होडी होते. मूळ होडीचा वेग कायम ठेवून तिला उलटू न देण्याची ही युक्ती प्रशांत महासागरातील बेटांवरच्या नावाड्यांनी इतकी पक्की केली की त्यांच्या होड्या भर समुद्रात जात असत.

भार आणि बुडणे यांचा हिशेब सोपा आहे. होडी स्वतःच्या आणि आतील सगळ्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि खोक्यासारखा सपाट तळ असलेली होडी धरली, तर सगळे मिळून ३०० किलो वजन असताना ती गोड्या पाण्यात १० सेंटीमीटर बुडते, आणि ७० किलोचा आणखी एक माणूस चढला की सव्वादोन सेंटीमीटर अधिक खाली जाते. हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु पाण्याच्या वर राहिलेला काठच जर वीतभर असेल, तर एका माणसाने त्यातला किती भाग खाल्ला ते लगेच लक्षात येते. खऱ्या होडीचा तळ टोकांकडे निमुळता होत असल्याने ती याहूनही जास्त बुडते.

लांबीचा संबंध वेगाशी असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजून तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की पाणी कापत चालणाऱ्या होडीचा साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. नऊ फुटी होडीला तो चार नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर येतो, तर सोळा फुटीला पाच नॉटांच्या थोडा वर. त्यापुढे कितीही जोर लावला तरी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. लांबचा पल्ला वल्हवायचा असेल तर लांब आणि अरुंद होडी का घ्यावी, याचे उत्तर यात आहे. पाण्यावर उचलून घसरत जाण्याइतके मोठे इंजिन असेल तरच हा नियम मागे पडतो.

कोणत्या कामाला कोणती

मासेमारीच्या होडीत वेगापेक्षा मोकळी जागा महत्त्वाची असते. जाळे ओढताना दोन माणसे एकाच काठावर वाकतात, म्हणून ती रुंद हवी आणि ज्या काठावरून जाळे आत येते तेथे एकही खिळा, कडी किंवा खुंटी वर आलेली नसावी. जाळे सोडताना इंजिन बंद ठेवावे किंवा पाण्याबाहेर उचलावे. पंख्यात गुंतलेले जाळे होडीत बसून सोडवणे हे वाऱ्याच्या दिवशी धोक्याचे काम आहे.

माणसे आणि माल पलीकडे नेणाऱ्या होडीला जास्त भाराचा मोह असतो, आणि बहुतेक अपघात त्याच मोहातून होतात. भारमर्यादेची पाटी नसलेल्या, वीस फुटांपेक्षा लहान आणि एकाच तळाच्या (म्हणजे दोन तळ जोडून न केलेल्या) होडीसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा एक ठोकताळा कामी येतो : फुटांतील लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकाराला १५ ने भागावे. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडीसाठी ७० भागिले १५ म्हणजे साडेचारच्या थोडे वर येतात. अपूर्णांक सोडून द्यायचा, म्हणजे चार माणसे. हा हिशेब शांत हवेचा असून माणसामागे सुमारे ६८ किलो वजन गृहीत धरणारा आहे. वारा असेल, सामान असेल किंवा प्रवासी धिप्पाड असतील, तर तीनच घ्यावीत. माल नेहमी तळाशी आणि मध्यभागी ठेवावा, गोल वस्तू बांधून टाकाव्यात, आणि माणसांनी उभे राहू नये हे निघण्यापूर्वीच बजावून सांगावे.

भटकंती, पक्षिनिरीक्षण आणि छायाचित्रण यांसाठी कयाक किंवा कॅनू निवडावी. कयाकमध्ये पाय पुढे पसरून खाली बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे वापरतात. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती शिकारीसाठी बनवत. कॅनू वरून उघडी असते, तिचे वल्हे एकाच पात्याचे असते आणि तिच्यात तंबू, शिधा व दुसरा माणूस मावतो. पक्ष्यांच्या जवळ जायचे असेल तर या दोहोंइतके शांत साधन नाही, कारण पाते अलगद पाण्यात घातले तर थेंब गळण्यापलीकडे आवाज होत नाही.

शीड शिकायचे असेल तर मोठ्या होडीने सुरुवात करू नये. मुलांसाठी जगभर वापरली जाणारी ऑप्टिमिस्ट ही होडी अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली प्लायवूडपासून बांधता येईल अशा बेताने आखली. तिची लांबी सुमारे २.३ मीटर असून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, टोकदार नसून चौकोनी आहे. दिसायला ती हौदासारखी असली तरी वाऱ्याची प्रत्येक झुळूक तिच्यात हाताला आणि बुडाला कळते, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते.

पुरातील बचावासाठी फुगवायची रबरी होडी सोयीची ठरते. ती घडी करून गाडीत नेता येते, भिंतीला किंवा माणसाला धडकली तरी इजा करत नाही आणि आत पाणी भरले तरी तरंगते. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनने किनाऱ्याजवळच्या बचावासाठी अशा होड्या १९६३ साली वापरात आणल्या. मात्र पुराचे पाणी हे तळ्याचे पाणी नव्हे. त्याखाली कुंपणाच्या तारा, सळया, उघडी गटारे आणि गाड्या असतात. वर विजेच्या तारा लोंबत असतात. म्हणून हवेचे कप्पे वेगवेगळे असलेलीच होडी घ्यावी, नाळेवर बसलेल्या एकाने लांब काठीने पाणी चाचपडत राहावे आणि वस्तीत शिरल्यावर शक्यतो इंजिनाऐवजी वल्हीच वापरावीत. अडकलेल्या माणसाकडे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, नाळ प्रवाहाकडे ठेवून जावे. वरून गेल्यास होडी त्याच्यावर लोटली जाते. झाडाच्या फांद्यांमधून किंवा जाळीतून पाणी जोराने जात असेल तर तेथे होडी नेऊच नये, कारण पाणी आरपार जाते आणि होडी तेथेच दाबून धरली जाते.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर लाकूड दुरुस्तीला सोपे पण देखभालीला वेळखाऊ, फायबरग्लास गुळगुळीत पण खडकावर तडकणारे, ॲल्युमिनियम हलके आणि आवाज करणारे, आणि पॉलिथिनची कयाक ओबडधोबड वापराला सगळ्यांत सोशिक असते.

चढणे, बसणे, वल्हवणे

होडीत उडी मारू नये. धक्क्याला होडी आडवी लावून दुसऱ्याला धरायला सांगावे, कंबरेत वाकावे, दोन्ही हातांनी काठ धरावेत आणि पाऊल बरोबर मध्यरेषेवर टाकून लगेच बसावे. सामान आधी आत ठेवून मग स्वतः चढावे. हातात पिशवी घेऊन चढणाऱ्याचा एक हात कमी पडतो. सगळे बसल्यावर होडी बाजूने पाहावी. नाळ किंचित वर असावी. नाळ खाली दबलेली होडी दिशा धरत नाही आणि पुढच्या लाटेत तोंड खुपसते.

वल्ह्यांची लांबी बहुतेक जण अंदाजाने घेतात आणि मग पाठदुखीची तक्रार करतात. वल्ही ज्यांत अडकवतात त्या दोन बाजूंच्या कड्यांमधील अंतर मोजावे, त्याच्या निम्म्यात पाच सेंटीमीटर मिळवावेत, आणि आलेल्या आकड्याला २५ ने गुणून ७ ने भागावे. कड्यांमध्ये १२० सेंटीमीटर अंतर असेल तर निम्मे ६०, अधिक ५ म्हणजे ६५, आणि त्यावरून वल्ह्याची लांबी सुमारे २३२ सेंटीमीटर येते. अशा वल्ह्याच्या मुठी छातीसमोर एकमेकींवर थोड्या चढतात. नवख्याची बोटे तेथे चिमटतात, पण एक हात किंचित वर व पुढे ठेवण्याची सवय आठवडाभरात लागते.

वल्हवणाऱ्याची पाठ होडी जाते त्या दिशेला असते. पाय समोरच्या आडव्या पट्टीला घट्ट टेकवावेत, कंबरेतून पुढे झुकून हात सरळ करावेत, पाती जेमतेम बुडतील इतकीच पाण्यात घालावीत, आणि आधी पाय व पाठ यांच्या जोराने ओढून हात शेवटी वाकवावेत. पाते खोल खुपसले तर वल्हे वर काढताना अडकते आणि मूठ पोटात बसते. ओढ संपताच मनगट खाली वळवले की पाते आडवे होऊन वाऱ्याला कमी अडते. पण हे आधी न करता दहा-पंधरा फेऱ्या साध्या वल्हवून हात बसल्यावरच करावे.

पुढे पाहता येत नसताना सरळ कसे जायचे? मागे सुटलेल्या काठावरील दोन खुणा, समजा एक खांब आणि त्याच्या पाठीमागचे झाड, एका रेषेत धराव्यात. झाड खांबाच्या उजवीकडे सरकलेले दिसले की आपण रेषेपासून ढळलो आहोत हे कळते. तरीही दर पाच-सहा ओढींनी एकदा मान वळवून पुढे पाहावेच.

वाहत्या पाण्यात हीच खुणांची युक्ती अधिक उपयोगी पडते. नदी २०० मीटर रुंद आहे, प्रवाह ताशी ३ किलोमीटर आहे आणि आपण ताशी ४ किलोमीटरने वल्हवतो असे धरू. नाळ समोरच्या काठाकडे सरळ ठेवली तर तीन मिनिटांत पलीकडे पोहोचू खरे, पण १५० मीटर खाली. समोरच उतरायचे असेल तर नाळ प्रवाहाच्या वरच्या दिशेला जवळजवळ ४९ अंश वळवून ठेवावी लागते आणि साडेचार मिनिटे लागतात. कोन मोजत बसण्याची गरज नसते. पलीकडील दोन खुणा एका रेषेत राहतील इतकी नाळ वर वळवली की काम झाले. प्रवाह आपल्या वेगाहून जास्त असेल तर समोर उतरण्याचा हट्ट सोडून आधी काठाकाठाने, जेथे पाणी संथ असते, वर जावे आणि मग ओलांडावे.

इंजिन असेल तर

लहान कामाला वल्ही पुरतात आणि इंजिन हे बरोबर आणलेले दुसरे काम असते, असे माझे मत आहे. पण लांब पल्ला आणि जड भार यांना ते लागतेच. होडीवरील पाटीत दिली असेल त्याहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन लावू नये. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, परंतु इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेले प्रमाणच खरे मानावे. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला बांधलेली असलीच पाहिजे. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिले, तर रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. इंधनाचे तीन भाग धरावेत : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी. इंजिन असले तरी वल्ही बरोबर घ्यावीत.

भरती, वारा आणि नांगर

भरती एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या सरासरी भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हा एक भाग असे पाणी चढते. चढ ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त ३० सेंटीमीटर, पण मधल्या दोन तासांत प्रत्येकी ९० सेंटीमीटर. खाडीच्या अरुंद तोंडातून जायचे असेल तर ते दोन तास टाळावेत. ओहोटीचा ओढ आणि समोरून येणारा वारा एकमेकांवर आले की लाटा उभ्या आणि जवळजवळ उठतात. सकाळी आरशासारखे दिसलेले पाणी दुपारी ओळखू येत नाही. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा तर फसवाच असतो, कारण काठाच्या आडोशाला पाणी शांत दिसते आणि आत गेल्यावर परतीची वाट वाऱ्याविरुद्ध होते.

नांगराची दोरी कमी सोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. खोली तीन मीटर आणि नाळ पाण्यापासून अर्धा मीटर वर असेल तर साडेतीन मीटरांच्या किमान पाचपट, म्हणजे साडेसतरा मीटर दोरी सोडावी आणि रात्री थांबायचे असेल तर सातपट. दोरी लांब असली की ओढ आडवी बसते आणि नांगर तळाला रुतून राहतो. नांगर नेहमी नाळेवरूनच टाकावा. मागच्या बाजूने टाकला तर प्रवाहाने होडीची पिछाडी खाली ओढली जाते, आणि लहान होडीत पाणी शिरते ते बहुधा तेथूनच.

पाण्यात पडल्यास

लाइफ जॅकेट आसनाखाली ठेवायची वस्तू नव्हे. ते काठावर असतानाच घालून पट्टे आवळावेत. ५० न्यूटन (माणसाला वर उचलून धरणाऱ्या जोराचे माप) क्षमतेचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असलेल्या पाण्यासाठी असते. किनाऱ्यालगत १०० आणि मोकळ्या समुद्रात १५० न्यूटनचे घ्यावे. त्याला शिटी बांधावी, कारण हाकेपेक्षा तिचा आवाज लांब जातो. पाणी उपसायला दोरीने बांधलेले एक भांडे, जादा दोरी आणि जलरोधक पिशवीत फोन व बॅटरी हवीच. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वल्ह्यांच्या होडीत रात्री नेहमीचे दिवे नसले तरी पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवून ती वेळीच दाखवावी लागते. समोरासमोर आलेल्या दोन इंजिनाच्या होड्यांनी आपापल्या उजवीकडे वळावे, हाही त्याच नियमांतील भाग.

होडी उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहू नये. काठ दिसतो त्याहून लांब असतो, आणि पालथी होडी शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्याहून लवकर दिसते. थंड पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो. तेवढा वेळ काहीही न करता फक्त तोंड पाण्यावर ठेवावे, मग हालचाल करावी. पाण्यातील माणसाला वर घेताना इंजिन पूर्ण बंद करावे आणि वल्ह्यांच्या होडीत त्याला मागच्या सपाट फळीवरून घ्यावे. बाजूने ओढले तर वाचवणारेही पाण्यात जातात.

काम संपल्यावर

खाऱ्या पाण्यातून आलेली होडी, कड्या आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवावे. होडी जमिनीला टेकवून न ठेवता दोन ओंडक्यांवर पालथी ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो आणि पावसाचे पाणी साठत नाही. दोरी उन्हात राहू देऊ नये.

उताणी ठेवावी लागली तर तळाचे बूच काढून ठेवावे. मात्र ते कोठे ठेवले हे लक्षात राहिले पाहिजे. एकदा मी बरीच वल्ही मारून झाल्यावर पाय ओले का होताहेत म्हणून खाली पाहिले, तेव्हा बूच घराच्या खिडकीत होते. टाच भोकावर दाबून एका वल्ह्याने परत यायला अर्धा तास लागला आणि पाणी बाकापर्यंत आले होते. तेव्हापासून ते बूच हातभर सुतळीने उजव्या वल्ह्याच्या दांड्याला बांधलेले असते.